हरकत घ्यायला हरकत नाही

तुमच्या उपनगरातल्या स्टेशन रोडचा कायापालट होणार, अशी बातमी आली तर घाबरून जाऊ नका. नाक्यावर फ्लेक्स लागेल. त्यात रुंद पदपथ असेल, बाकडी असतील, गुलमोहर असेल आणि फुगा घेऊन धावणारं एक गोरंगोमटं पोर असेल. स्कूटर मात्र एकही नसेल. लोकसहभाग इथूनच सुरू होतो. त्या चित्रात आपली स्कूटर कुठे लावता येईल, ते आधी हेरून ठेवा.

मग पेपरातली जाहीर सूचना शोधा. नावात बदल आणि गहाळ गुणपत्रिका यांच्या मधोमध ती सापडेल. विकास आराखड्याचा मसुदा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यातले अठ्ठावीस सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाकडे नकाशा आहे का?' असं विचारण्यात घालवावेत. एकोणतिसाव्या दिवशी कुणीतरी आडवा स्कॅन केलेला नकाशा टाकतो. तो बघायला मान वाकडी करावी लागते, पण एवढा त्याग शहरासाठी करायलाच हवा. तिसाव्या दिवशी आवक विभागात अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या. पोच जपून ठेवा. हाती राहणारं तेवढंच असतं.

सुनावणी कामाच्या दिवशी, सकाळी अकराला ठेवलेली बरी. त्या रस्त्यावरून रोज दोनदा पायी जाणारी माणसं तेव्हा लोकलनं दादरच्याही पुढे गेलेली असतात. त्याच वेळात शाळेच्या रिक्षाला पोर पोचवायला निघालेल्या बाया असतात, त्यांनाही यायला जमत नाही. सभागृहात उरतात दुकानदार, निवृत्त मंडळी, माजी नगरसेवकाचा माणूस आणि रजा टाकून आलेले तुम्ही. 'लोकांचं म्हणणं' आता सुटसुटीतपणे ऐकून घेता येतं.

माईक हातात आला की पहिलं वाक्य ठरलेलं आहे: 'माझा विकासाला विरोध नाही.' त्यानंतर 'पण' म्हणा आणि बारा मिनिटं पार्किंगवर बोला. गिऱ्हाईक गाडीनंच येतं, असं दुकानदार सांगतील. माना डोलवा. गिऱ्हाइकं मोजायला मात्र जाऊ नका. मी एकदा चिवडा घेताना गंमत म्हणून दुकानासमोरच्या स्कूटरी मोजल्या. चार होत्या. दोन मालकांच्या, एक कारागिराची आणि चौथी माझी. घर सात मिनिटांवर आहे. त्या दिवसापासून मी मोजणं सोडून दिलंय.

कुणी कोपनहेगनचा फोटो दाखवला तर 'तिथे थंडी असते' एवढंच म्हणा. १९६२ मध्ये तिथला मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही 'हे आपल्याकडे चालायचं नाही' अशीच ओरड केली होती. हे सांगायची काही गरज नाही.

पदपथाच्या मापात नाक खुपसू नका. रस्त्यांच्या भारतीय मानकांनुसार पदपथावर निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे साधारण वीतभरही नाही. आपल्याकडे तो गुडघ्याशी स्पर्धा करतो. काल संध्याकाळीच पाहिलं. एका आजींनी भाजीची पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात उभ्या रिक्षाच्या टपाला टेकवला, पाय उचलला, थोडा विचार केला आणि पाय परत खाली ठेवला. मग त्या रस्त्यावरूनच चालू लागल्या. मागून हॉर्न. पदपथ उंच केला की त्यावर स्कूटर चढत नाही, असं इंजिनिअर सांगतात. स्कूटर चढते हो. आजी चढत नाहीत.

फेरीवाल्यांचा विषय निघाला की आवाज चढवा. २०१४ च्या कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्याच प्रतिनिधींना दिल्यात, हे कुणी काढलं तर घड्याळात बघा. 'सगळे हटवा' असं लेखी द्या आणि घरी जाताना त्यांच्याकडूनच कोथिंबिरीची जुडी घ्या. फक्त क्रम चुकवू नका. जुडी आधी घेतली तर अर्ज ओला होतो.

स्कायवॉकची मागणी मात्र अवश्य करा. वांद्र्याला २००८ मध्ये पहिला झाला आणि मग मुंबई महानगरात अनेक उभे राहिले. कल्पना फार सुंदर आहे. चालणाऱ्यांना दोन जिने वर चढवायचं, म्हणजे खालचा रस्ता ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी मोकळा होतो.

एका धोक्याची सूचना देऊन ठेवतो. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा काही लोक नकाशे घेऊन वॉर्डावॉर्डात एकत्र बसले, रेघन्‌रेघ तपासली, चुका काढल्या आणि हजारोंनी हरकती दिल्या. सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून दुसरा करायला लावावा लागला. असलं काही तुमच्याकडे होऊ देऊ नका. प्रत्येकानं आपापल्या गेटपुरतं लिहावं. शेजारच्या सोसायटीनं काय लिहिलं, हे कळता कामा नये.

आणि तुम्ही डोंबिवलीकडचे असाल तर फडके रोडचा दाखला चुकूनही देऊ नका. दिवाळीच्या पहिल्या पहाटे गणेश मंदिरापासून अख्खा रस्ता पायी चालणाऱ्यांनी फुलतो. नवी साडी, नवा झब्बा, जुने वर्गमित्र, वाफाळता चहा. गुढीपाडव्याची शोभायात्राही १९९९ पासून याच गावानं सुरू केली. सगळं पायी, आणि दुकानं काही ओस पडत नाहीत. कुणी हे पुढे केलं तर म्हणा, 'सणाची गोष्ट वेगळी.'

यंदा त्या पहाटे तुम्हीही जाणारच असाल. साडेचारलाच निघा. उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही.