‘४८ तास थांबा, नाहीतर रीबूट करा’: हा सल्ला पुढे पाठवू नका

डेटाबेसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर डीएनएसबद्दल (नावं आणि आयपी पत्ते यांची सांगड घालणारी यंत्रणा) एक सल्ला पुन्हा फिरतोय: ‘डीएनएस बदललं की ४८ तास थांबा. डिग नवं उत्तर देत असेल तर डीएनएस ठीक आहे. तरी डेटाबेस ऐकत नसेल तर मशीन रीबूट करा.’ डिग म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारून बघायची कमांड. महापेत आमच्या टीमची अख्खी रात्र याच सल्ल्यापायी गेली, म्हणून लिहितोय.

४८ तास कुठून आले? रेकॉर्डच्या (डीएनएसमधल्या नोंदीच्या) टीटीएलच्या, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं त्या मुदतीच्या, धाकातून. पण टीटीएल ३०० असेल तर जुनं उत्तर पाच मिनिटांत बाद होतं. शिवाय आम्ही रेकॉर्ड बदललंच नव्हतं. बदलला होता मशीनवरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमधला नेमसर्व्हर, म्हणजे नावं ज्याला विचारायची त्याचा पत्ता. त्या ओळीला टीटीएलच नसतो, मग वाट कशाची बघायची?

सगळ्यात फसवा मुद्दा डिगचा. डिग दर वेळी ती फाइल नव्याने वाचतो. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसची प्रोसेस महिनोन्‌महिने चालू असते. आमच्या सेंटओएस ७ या लिनक्सवर ग्लिबसी (प्रोग्रॅमांसाठी नावं शोधून देणारी लायब्ररी) २.१७ आहे आणि २०१७ मध्ये आलेल्या २.२६ च्या आधीची ग्लिबसी चालू प्रोसेसमध्ये ही फाइल आपणहून पुन्हा वाचत नाही. त्यामुळे डिग नव्या नेमसर्व्हरला विचारत होता आणि मायएसक्यूएल बंद करून टाकलेल्या जुन्याला. नव्या आयपीवरून कोणी आलं की त्याचं नाव शोधताना मायएसक्यूएल उत्तराची वाट बघत बसायचं. एका प्रयत्नाला पाच सेकंद, आणि प्रयत्न दोन. ऐरोलीहून रात्रपाळीतली मुलं फोन करत होती, ‘लॉगिन अडकतंय’, आणि आम्ही त्यांना डिगचं उत्तर वाचून दाखवत होतो. अखेर पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या वाटेवर, टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावला, तेव्हा मिनिटाभरात जुना पत्ता दिसला. ही तपासणी सगळ्यात आधी करायला हवी होती.

रीबूटमध्ये अर्धं तथ्य आहे: प्रोसेस नव्याने सुरू व्हावी लागते. पण त्यासाठी मायएसक्यूएलची सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी पुरतं. आम्ही मशीन रीबूट केलं आणि नेटवर्कमॅनेजरने (लिनक्सवर नेटवर्कच्या सेटिंग सांभाळणारी सर्व्हिस) डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून, मिळालेला जुना पत्ताच फाइलमध्ये परत लिहिला! म्हणून आधी बदल नेटवर्कमॅनेजरच्या कनेक्शनमध्ये करा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा.

आयपीमागचं नावच बदललं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मायएसक्यूएलची स्वतःची होस्ट कॅश, म्हणजे आधी शोधलेल्या नावांचा साठा, आडवी येते. ती रिकामी करायला रीस्टार्टही लागत नाही, मायएसक्यूएलॲडमिनची फ्लश-होस्ट्स ही कमांड पुरे. स्किप नेम रिझॉल्व्ह हे सेटिंग लावून ही शोधाशोध कायमची बंद करता येते, पण होस्टनावावर दिलेल्या ग्रँट्स (डेटाबेस वापरायच्या परवानग्या) आधी आयपीवर आणा. आमचं ते काम अजून चालू आहे.