ज्युरिस्प्रुडन्स काढून टाका म्हणणाऱ्या वकील मित्रांना

गेले काही आठवडे वकिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: लॉ कॉलेजातली वर्षं म्हणजे वेळेची नासाडी. ज्युरिस्प्रुडन्सचा, म्हणजे कायद्यामागची तत्त्वं शिकवणाऱ्या विषयाचा, तालुका कोर्टात काडीचा उपयोग नाही. कलमं आता मोबाइलवर मिळतात. डॉक्टर जसे हॉस्पिटलात शिकतात तसं मुलांना पहिल्या वर्षापासून कोर्टात पाठवा. जुने मोठे वकील कोर्टातच घडले, आणि आता सुप्रीम कोर्टानेही पुस्तकी शिक्षण पुरत नाही हेच सांगितलंय.

मी सतरा वर्षं जिल्हा कोर्टात दिवाणी काम करते आणि आठवड्यातून तीन सकाळी लॉ कॉलेजात शिकवते. या मजकुरामागचा राग मला समजतो. सनद (वकिलीचा परवाना) हातात आलेल्या मुलाला पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) म्हणजे काय ते माहीत नसतं, निशाणी (दाव्यातल्या कागदावरचा क्रमांक) कुठे पडते ते माहीत नसतं, पुकारा झाल्यावर उभं राहून काय बोलायचं ते सुचत नाही. हे मी दर वर्षी पाहते. पण त्यावर सुचवलेला उपाय घातक आहे, आणि त्याची किंमत पक्षकाराला मोजावी लागते. म्हणून हे लिहितेय.

आधी ज्युरिस्प्रुडन्स. दोन वर्षांपूर्वी एक मावशी पिशवीत कागद घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. नवऱ्यामागे दीड एकर जमीन, सातबाऱ्यावर त्यांचंच नाव. दिराने एका पेरणीला जमिनीत नांगर घातला आणि यांना बांधावरून हाकलून दिलं. त्यानंतर महिनाभरात त्यांच्या आधीच्या वकिलांनी दावा दाखल केला. तो होता निरंतर मनाईचा: वादीच्या ताब्याला प्रतिवादीने हरकत, अडथळा करू नये. ताबा तर आधीच गेला होता! जो ताबा नाही त्याला हरकत कसली घेणार? आठ वर्षं तारखा पडल्या आणि शेवटी निकाल आला की दावा दाखल करतेवेळी वादीचा ताबा शाबीत होत नाही, दावा नामंजूर. आता मालकीच्या जोरावर ताबा मागायचा नवा दावा करायचा, तर त्याला मुदत 12 वर्षांची आणि त्यातली आठ सरलेली. त्यात समोरचा वकील दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 2 रूल 2 पुढे करणार: जी मागणी पहिल्या दाव्यात करता येत होती आणि सोडून दिली, ती त्याच कारणावरून पुन्हा मागता येत नाही.

ते वकील नवखे नव्हते. कोर्टातच घडलेले होते, त्या मजकुराला हवे आहेत तसेच. वादपत्राचा मसुदा बिनचूक होता. चतुःसीमा बरोबर, दाव्यास कारण घडल्याचा परिच्छेद बरोबर, कोर्ट फी बरोबर. फक्त तो मसुदा दुसऱ्या कुठल्या तरी फायलीतून उचललेला होता, आणि त्या फायलीतल्या माणसाकडे जमिनीचा ताबा होता.

ताबा म्हणजे काय, प्रत्यक्ष कब्जा आणि कायद्याने मानलेला ताबा यांत फरक काय, मालकापेक्षाही कधी कधी कब्जेदाराला कायदा आधी का सांभाळतो, हा सगळा विचार ज्या प्रकरणात शिकवतात ते प्रकरण ज्युरिस्प्रुडन्सच्या पुस्तकात असतं. तालुका कोर्टातले निम्म्याहून अधिक दिवाणी दावे जमिनीच्या मालकी-ताब्याभोवती फिरताना मी पाहते. काडीचा उपयोग नाही असं ज्या विषयाबद्दल म्हटलंय, त्याच्यावर आपली चूल पेटते.

सातबाऱ्याचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी असल्याचं गृहीत धरलं जातं, पण उलट शाबीत होईपर्यंतच. गृहीतक म्हणजे काय आणि शाबिती म्हणजे काय हे ज्याला कळलं नाही, तो पक्षकाराला ‘सातबारा तुमच्या नावावर आहे, काळजी करू नका’ असं बिनदिक्कत सांगतो. आणि निशाणी 5 चा अर्ज! प्रथमदर्शनी केस, गैरसोयीचं पारडं, भरून न येणारं नुकसान हे तीन शब्दप्रयोग प्रत्येक तात्पुरत्या मनाईच्या अर्जात ओळीने छापलेले असतात. भरून न येणारं नुकसान म्हणजे पैशाने भरपाई होणार नाही असं नुकसान. आपल्या पक्षकाराचं ते नेमकं कोणतं, हे विचारल्यावर ज्युनियर सीनियरकडे बघतो.

या ठिकाणी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. कॉलेजात थिअरी म्हणून जे चालतं ते बहुतेक ठिकाणी थिअरी नसतंच. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाइड उघडायचं, ऑस्टिन या कायदेपंडिताची कायद्याची व्याख्या पाठ करायची, त्याच्यावरचे पाच आक्षेप पाठ करायचे, उतरवायचे, विसरायचे. याला कंटाळलेल्या मुलांशी माझं भांडण नाही. पण पाठांतराने वीट आला म्हणून विचार करणंच काढून टाकायचं, हे कसं चालेल?

‘कलमं मोबाइलवर मिळतात.’ मिळतात. म्हणून तर कलमं पाठ असण्याला आता किंमत उरली नाही. 1 जुलै 2024 ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या आठवड्यात आमच्या बार रूममध्ये काय गोंधळ होता! 511 कलमांच्या भारतीय दंड संहितेच्या जागी 358 कलमांची भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या 302 चं 103 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318 मधलं चौथं पोटकलम झालं. सगळ्यात चमत्कारिक 482. फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हटलं की हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायचा अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच आकडा अटकपूर्व जामिनाला मिळाला आणि जुनं 482 गेलं 528 वर. तीस वर्षं आकड्यांवर वकिली केलेल्या माणसांच्या पायाखालची जमीन हलली.

आकडे महिनाभरात जुळतात, तक्ताही मोबाइलवर येतो. खरा प्रश्न तक्त्यात नसतो. गुन्हा मे 2024 मध्ये घडला, फिर्याद ऑगस्टमध्ये दाखल झाली, तर कायदा कुठला? गुन्हा जुन्या दंड संहितेचा, कारण कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अमलात होता त्याखालीच माणसाला दोषी धरता येतं, असं राज्यघटनेचं अनुच्छेद 20 सांगतं. तपासाची पद्धत मात्र नव्या संहितेची. एकाच प्रकरणात दोन काळांचे कायदे का चालतात? कारण गुन्हा आणि शिक्षा ठरवणारा कायदा वेगळा आणि कामाची रीत ठरवणारा कायदा वेगळा. हा भेद पहिल्या-दुसऱ्या वर्षात, एका कंटाळवाण्या तासाला शिकवलेला असतो. ज्यांना तो आठवत होता ते त्या जुलैत शांत होते.

डॉक्टरांची तुलना मात्र मला मनापासून आवडते, कारण ती शेवटपर्यंत नेली तर मजकुराच्या विरोधात जाते. एमबीबीएसचा विद्यार्थी आधी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन शिकतो. साडेचार वर्षांचा अभ्यास झाल्यावर वर्षभराची इंटर्नशिप. शरीरशास्त्र काढा आणि थेट ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवा, असं कोणी म्हणत नाही. शिवाय मेडिकल कॉलेजला स्वतःचं रुग्णालय असतं, आणि सकाळी तिथे रुग्ण तपासणारा सर्जन दुपारी वर्गात शिकवतो. आपल्याकडे काय आहे? बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, म्हणजे लॉ कॉलेजचा पूर्ण वेळ प्राध्यापक कोर्टात उभाच राहू शकत नाही. आणि वकिली करणाऱ्याला शिकवायचं असेल तर दिवसाला तीन तासांची मर्यादा. ज्याने पंधरा वर्षांत एकही उलटतपास घेतलेला नाही त्याच्यावर आपण पुरावा कायदा शिकवायची जबाबदारी टाकतो, आणि मग थिअरी कोरडी आहे म्हणून थिअरीला दोष देतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत मदतीच्या प्रकरणांपुरती तरी प्राध्यापकांना कोर्टात उभं राहायची मुभा द्या, त्यांच्यासोबत विद्यार्थी बसू द्या. त्यासाठी मी कुठल्याही निवेदनावर आज सही करीन.

आता जरा कागदावर काय आहे ते पाहा. बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत प्रात्यक्षिकाचे चार विषय सक्तीचे आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटा निवारण, आणि मूट कोर्ट (सरावासाठीचं नकली कोर्ट) व इंटर्नशिप. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे इंटर्नशिप. दोन खटले प्रत्यक्ष पाहून नोंद ठेवायची, वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराशी होणारं बोलणं दोनदा ऐकायचं. म्हणजे मजकूर जे मागतोय त्यातलं बरंच निदान 2008 पासून सक्तीचं आहे. मग मुलं कोरी का येतात? कारण जर्नल (प्रात्यक्षिकाची वही) आदल्या वर्षीच्या मुलाकडून उतरवलं जातं आणि इंटर्नशिपचा दाखला ओळखीतला वकील न विचारता देतो. हे दाखले देणारे आपणच आहोत, मित्रांनो. माझ्याकडेही दाखला मागायला पालक येतात. मी मुलाला पाठवा म्हणते, तेव्हा त्यांना राग येतो.

जुन्या वकिलांचं उदाहरण देताना मजकुरात गांधीजी आणि बाबासाहेब दोघांची नावं आहेत. 1891 साली बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासाला उभे राहिले, एकही प्रश्न सुचला नाही, आणि त्यांनी फी परत केली. इथवर मजकुराचं म्हणणं खरं. पुढचं त्यात नाही. लंडनमध्ये त्यांनी रोमन कायदा लॅटिनमधून वाचला होता, आणि दक्षिण आफ्रिकेत, जिथला कायदा रोमन-डच परंपरेचा, तो अभ्यास त्यांच्या कामी आला. बाबासाहेबांनी मुंबईत वकिली केली आणि 1935 मध्ये सरकारी लॉ कॉलेजचं प्राचार्यपदही स्वीकारलं. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाचं नाव पुस्तकं फेकून द्या सांगण्यासाठी वापरावं, याचं मला वाईट वाटलं.

सुप्रीम कोर्टाबद्दल थोडक्यात. 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती 2002 मध्ये काढलेली होती. ही अट पदवीनंतरची आहे, न्यायाधीश होणाऱ्यांसाठी आहे. कॉलेजातले तात्त्विक विषय कमी करा असं त्यातून निघत नाही. याउलट 1995 च्या नियमांनी बार कौन्सिलने सनदेआधी एक वर्षाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये रद्द केलं. कशावर? असा नियम करायचा अधिकार मूळ कायद्याने कौन्सिलला दिला होता का, या प्रश्नावर. 2023 मध्ये बार परीक्षेच्या (पदवीनंतर वकिलीसाठी द्यायच्या परीक्षेच्या) प्रकरणात घटनापीठाने त्या निकालातली मांडणी अमान्य केली. प्रात्यक्षिकाचा नियमसुद्धा जगतो-मरतो तो शुद्ध तात्त्विक युक्तिवादावर.

राहिला मजकुराने न घेतलेला मुद्दा, आणि मला तोच सगळ्यात जास्त बोचतो. वकिलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑफिसात, शिकायचं, पण कोणाच्या? वकिलाच्या मुलाला घरचं चेंबर असतं. बाकीच्यांना सीनियर शोधावा लागतो, आणि तो पहिली दोन वर्षं बॅग उचलायला, तारखा घ्यायला, नकलेचे अर्ज द्यायला लावतो. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बारमध्ये त्याच्या निम्मं देणारा सीनियर मला माहीत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी सकाळी लेक्चरला बसते आणि दुपारपासून रात्री आठपर्यंत कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. ताब्याच्या प्रकरणावर गेल्या महिन्यात तिने मला जो प्रश्न विचारला, तो बारमधल्या कोणी मला आजवर विचारलेला नाही. तिला पहिल्या वर्षापासून कोर्टात उभं करायचं असेल, तर त्या पाच वर्षांत तिच्या घरी पैसे कोण देणार, याबद्दल त्या अख्ख्या मजकुरात एक ओळ नाही.