सव्वादोन फूट

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेन्शनचं काम उरकून घरी आलो. स्कूटर कट्ट्याला लावली, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि आतून चार-पाच बायका एकदम ओरडल्या, "पाय टाकू नकाऽऽ!"

मला वाटलं, फरशी पुसलेली असेल, नाहीतर साप तरी निघाला असेल. आमचं घर शहापुरातलं, जुनं. दोन्ही होऊ शकतं. पण सोप्यात वाकळ अंथरली होती. झोपायला नव्हे, शिवायला.

"मागनं या की अण्णा," येळ्ळूरच्या मावशी मान वर न करता म्हणाल्या. "वाकळ दिसत नाही काय?"

मागनं म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, बोळात शिरायचं, शेजाऱ्यांच्या परसातल्या दोरीवरचे कपडे डोक्याने बाजूला सारायचे आणि मोरीच्या दारानं स्वयंपाकघरात उगवायचं. त्या दिवसापासून मिरगापर्यंत मी स्वतःच्या घरात असाच येत-जात होतो. गॅसचा सिलिंडरवालाही तसाच आला. जाताना त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

हे एक मंडळ आहे. मंडळाला नाव नाही, आणि त्याला कारण आहे. नाव ठरवायची बैठक गेल्या दिवाळीत झाली. मावशी म्हणाल्या, वाकळ. माझी बायको मिरजेची. तिचं म्हणणं, वाकळ घरात ठीक आहे, पाटीवर गोधडीच शोभते. धारवाडच्या वहिनी 'कौदी' सोडायला तयार नव्हत्या. हल्याळच्या अक्कांनी 'कवंदी'चा आग्रह धरला. कॅम्पातल्या मॅडम म्हणाल्या, "क्विल्ट म्हणू या, सगळ्यांना कळतं." कळलं सगळ्यांनाच, पटलं कुणालाच नाही. 2014 साली आमच्या गावाचं नाव सरकारनं बदलून बेळगावी केलं तरी अजून ज्याच्या त्याच्या तोंडात ज्याचं त्याचं बेळगाव आहे. तिथं पांघरुणाच्या नावावर कोण माघार घेणार? शेवटी बायकोनं विषय न्यायप्रविष्ट ठरवला. महाराष्ट्रानं 2004 साली सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात लावलेला दावा अजून चाललाय, त्या मानानं पाच बायकांना पुष्कळ वेळ आहे.

काम मात्र नावावाचून अडत नाही. ही वाकळीची भिशी आहे. पाचजणींनी घरातली जुनी लुगडी, चादरी, धोतरं आणायची, पाचजणींनी मिळून शिवायचं, झाली की चिठ्ठी काढायची. जिची चिठ्ठी निघेल तिची वाकळ, पुढच्या खेपेला तिचं नाव बाद. म्हणजे प्रत्येकीला वाकळ मिळते. जागा मात्र फिरत नाही. वहिनी आणि अक्का फ्लॅटात राहतात. मॅडमकडे हॉल मोठा, पण त्यात गालिचा आहे. मावशींकडे आमच्यापेक्षा मोठा सोपा आहे, पण तिथं रेडकू बांधतात. राहिलो आम्ही.

आमचा सोपा अकरा बाय तेरा. वाकळ साडेसहा बाय साडेआठ. मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेली, त्यामुळे हिशेब लगेच मांडला: वाकळ बरोबर मध्यभागी ठेवली तर चारी बाजूंनी सव्वादोन फुटांची पट्टी उरते. या पट्टीत टीव्ही, चपलांचं रॅक, माझी आरामखुर्ची आणि पाच बायका. मी बायकोकडे निदान खुर्चीपासून दारापर्यंतचा पट्टा मागितला. 865 गावं मागणाऱ्यांच्या बाजूचा माणूस मी, मला एवढंच मागता आलं. तेही मिळालं नाही.

"मग गुंडाळून ठेवा ना संध्याकाळी," मी म्हटलं.

यावर जी शांतता पसरली तीत मला कळलं, की मी काहीतरी अडाणीपणाचं बोललो आहे. वाकळीचे थर आधी लांब लांब टाके घालून टाचतात. टाचलेली वाकळ शिवण पुरी होईपर्यंत हलवली की आतल्या थराला सुरकुती पडते, आणि एकदा पडलेली सुरकुती मग जन्मभर पाठीला टोचते. हे सगळं मावशींनी मला सांगितलं. पंधरा वर्षांच्या पोराला सांगावं तशा सुरात.

थरांचं सांगायचं तर तळाला मावशींची नऊवारी. वर ठिगळं: इरकलीचे तुकडे, गुळेदगुड्डचे खण, वडगावच्या मागावरची एक साडी. इरकलीला कात्री लावताना मोठा वाद झाला. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा, दोन्ही फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात. त्या जोडावरनं कात्री चालवू देणार नाही म्हणून धारवाडच्या वहिनी पदर मांडीखाली घेऊन अर्धा तास बसल्या. मॅडमनी पडद्याचं पॉलिस्टर आणलं होतं. मावशींनी ते दोन बोटांत चोळून बघितलं आणि तसंच परत दिलं. "सुती पाहिजे ओ. ह्यात माणूस उकडून निघतंय." मॅडमनी ते गुपचूप मधल्या थरात सारलं असावं, असा सगळ्यांचा संशय आहे.

मधला थर म्हणजे ज्याला कुठेच जागा नाही त्याची जागा. जुन्या चादरी, धोतरं आणि माझ्या पँटी. कपाटाच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या तीन, बँकेतल्या, बदामी.

"अगं, त्या बसत होत्या मला!"

"कधी?"

मला साल आठवेना.

आता टाके. आमच्याकडे वाकळीला सरळ धावदोरा घालतात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, शेतातल्या सऱ्यांसारख्या ओळी. मावशींनी सुई घेतली आणि काठाला बसल्या. तर हल्याळच्या अक्का कोपऱ्यातून वळल्या. त्यांच्या शेजारी सिद्दी कुटुंबं आहेत. पिढ्यानुपिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेली ही माणसं आता हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात आपलीच झाली आहेत, आणि त्यांच्या बायकांची कवंदी अक्कांनी लहानपणापासून बघितलेली. ती बाहेरून आत शिवतात. काठाकाठानं चारी बाजू फिरायचं, फिरत फिरत मध्याला पोचायचं. ठिगळं लावत जायचं आणि टाके घालत जायचं, दोन्ही एकदम.

"अशी गोल गोल फिरली तर वाकळ हाय की देवळाची प्रदक्षिणा?" मावशींनी विचारलं.

"सरळ गेलं तर काठ उघडा राहतो," अक्का म्हणाल्या. दोघीही शिवत राहिल्या. चौथ्या दिवशी एकीच्या ओळी दुसरीच्या फेऱ्यांत घुसल्या तेव्हा बोलणी झाली. ठरलं ते असं: बाहेरचा हातभर पट्टा अक्कांच्या रीतीनं, आतला प्रदेश मावशींचा. चार कोपऱ्यांना घडीच्या त्रिकोणी ठिगळांची 'फुलं' लावायची, कारण फुलांवाचून कवंदी नागवी दिसते, असं अक्कांनी अशा आवाजात सांगितलं की मावशींनीही पदर नीट केला.

एवढं मिटेपर्यंत धारवाडच्या वहिनींनी वाकळीचा कोपरा उलटून बघितला. त्यांचा हात कसुतीवर, म्हणजे धारवाडकडच्या भरतकामावर बसलेला. कसुतीत गवंती म्हणून जो टाका असतो तो उलट-सुलट दोन्हीकडून सारखाच दिसतो, आणि दोऱ्याला गाठ मारत नाहीत. "अय्य, किती गाठी!" त्या म्हणाल्या. त्या दिवशीचा चहा कुणी कुणाशी न बोलता झाला. कुंदाही उरला. बेळगावात कुंदा उरणं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजावं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी आतून हिशेब करून आणला. एकेक इंचावर ओळ धरली तर 78 ओळी. प्रत्येक ओळ 102 इंच. इंचाला चार टाके. एकूण 31,824. "म्हणजे दरडोई सहा हजार तीनशे पासष्ट," मी दारातून जाहीर केलं.

मावशींनी चष्म्यावरून बघितलं. "मोजून झालं असंल तर सुईत दोरा ओवा."

तेव्हापासून मला काम लागलं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. मेणावरून एकदा ओढायचा. पाच सुया, सारख्या रिकाम्या. मी पाचवी ओवेपर्यंत पहिली परत आलेली असायची. बँकेत आमच्या कॅश काउंटरला गर्दी झाली की मी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावत असे. इथं तीही सोय नव्हती. दिवेलागणीला सुया मोजून डबीत टाकायच्या, हेही माझ्याकडे. एकदा एक कमी भरली. कुणी बसेना, कुणी घरी जाईना, मी बॅटरी घेऊन रांगतोय. आणि सुई निघाली मॅडमच्या पदराला खोचलेली. त्यांनी सॉरी म्हटलं. कॅश कमी आली की आमचा हेडकॅशियर आधी स्वतःच्या खिशात बघायचा, हे त्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागून होती ती स्कूटरची किल्ली. वाकळ अंथरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सापडेना. दुसरी किल्ली फार पूर्वी राकसकोपच्या सहलीत पाण्यात पडली, ती बहुधा आता गावाला नळातून येईल. पहिली घरातच होती हे नक्की, कारण मी स्कूटरवरूनच तर घरी आलो होतो. घरातल्या वस्तूसाठी किल्लीवाल्याला पैसे का द्यायचे? मी सगळं घर धुंडाळलं. एकच जागा राहिली: वाकळीखाली.

"जरा कोपरा उचला."

"सुरकुती पडतंय."

महिनाभर मी चालत फिरलो. गणपत गल्ली चालत, गोवावेस चालत. चिरमुरे आणायला चालत. तेही मंडळालाच लागायचे. ओळखीचे लोक म्हणायचे, "अण्णा बारीक झालात, डॉक्टरनं सांगितलं काय?" स्कूटर कट्ट्याशी धूळ खात उभी. मिरगाच्या आधी वळवाच्या दोन सरींनी ती धुऊन काढली एवढीच तिची सेवा.

मे सरता सरता अक्कांच्या कोपऱ्यातलं शेवटचं फूल अडून बसलं. "हितं सुई जाईना," मावशी म्हणाल्या. वहिनींनी मॅडमकडे बघितलं. "पॉलिस्टर," त्या हळूच म्हणाल्या. मॅडम लाल झाल्या. शेवटी अंगुस्तान घालून, जोर लावून, दात ओठ खात तो कोपरा बंद केला.

मिरगाच्या आदल्या संध्याकाळी चिठ्ठी काढली. मावशींची निघाली. त्यांनी वाकळीच्या पाया पडल्यासारखं केलं, मग पाचजणींनी चार कोपरे धरून ती उचलली. मी खाली झेप घेतली. फरशीवर चिरमुरे होते, एक दहाचं नाणं होतं, मेणाचा तुकडा होता. किल्ली नव्हती.

बायका वाकळ झटकायला लागल्या. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला कुठेतरी आत बारीक 'खुळ्' वाजलं.

सगळ्या थांबल्या. मी कोपऱ्यातल्या फुलावर हात दाबला. चार थरांखाली एक कडी लागली, तिला लोंबणारं गणपतीचं कीचेन लागलं.

"तीनच पँटी घेतल्या होत्या ना?" मी बायकोला विचारलं.

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"चार होत्या की," मावशी म्हणाल्या. "कोपरा पातळ पडत होता म्हणून खुंटीवरची घेतली. गुडघ्यात विरली होती ओ ती." आणि मी महिनाभर समजत होतो, ती पँट इस्त्रीला गेली आहे.

"बोटभर उसवा फक्त," मी हात जोडले. "परत ठिगळ लावा. लाल लावा. हवं तर दोन फुलं लावा."

मावशींनी बाहेर बघितलं. गल्लीत दिवे लागले होते. त्यांनी वाकळ घडी घालून काखेत मारली, चपला पायात सरकवल्या आणि महिन्याभरानं पहिल्यांदाच मोकळ्या झालेल्या पुढच्या दारातून पायरी उतरल्या.

"दिवेलागणीला सुई-कात्री घेत नाहीत अण्णा. उद्या सकाळी या की येळ्ळूरला, स्कूटरवरनं. दोन मिनिटात उसवून देतो."