एका बाजूला सदतीस लिटर

परवा दुधाचं बिल आलं त्यात दोन लिटर जास्त लावलेत. म्हशीचं, ७० रुपयेप्रमाणे १४० रुपये. आणि त्या दोन लिटरपुढं तात्यांनी वहीत पेन्सिलनं एकच शब्द लिहिलाय, "बोळ".

अकरा वर्षं तात्या आमच्याकडे दूध घालतायत, परळी खोऱ्यातून रोज पहाटे एम-८० वर दोन किटल्या लावून साताऱ्यात येतात, आजवर अर्ध्या लिटरचा फरक नाही. त्यामुळं हा हिशेब चुकून लागलेला नाही हे मला पक्कं माहितीय. आणि बायकोनं तो काही न बोलता भरून टाकला हे जास्त लागलंय.

झालं असं की मी गेल्या वर्षी टूरिंग मोटरसायकल घेतली. का घेतली ते विचारू नका, चाळिशी आली की काहीजण मॅरेथॉन पळतात, काहीजण सज्जनगडाच्या पायऱ्या मोजतात, मी गाडी घेतली. लडाखला जायचं होतं. उमलिंग ला म्हणून तिथं एक खिंड आहे, १९,०२४ फूट, रोज रात्री जेवण झालं की त्याचे व्हिडिओ बघायचे. त्या व्हिडिओतल्या एकाही गाडीला नुसती गाडी म्हणता येत नाही, सगळ्यांना पुढं लोखंड, मागं पेट्या, वर दिवे. म्हणलं आपण पण करू. हायवेला एक दुकान आहे, तिथं मी फक्त मोबाईल होल्डर आणायला गेलो होतो, १,९०० चा. बाहेर पडलो तेव्हा बिल ६०,३०० झालं होतं.

एवढं कसं झालं म्हणाल तर एकातनं एक निघत गेलं. होल्डर घेतला की पोरगं म्हणतं सर डॅम्पनर घ्या, नाहीतर इंजिनाच्या हादऱ्यानं फोनचा कॅमेरा जातो. मला वाटलं फेकतंय, पण घरी येऊन बघितलं तर खरंच ॲपलनं २०२१ साली स्वतःच सांगून ठेवलंय की मोटरसायकलचे हादरे कॅमेऱ्याला चांगले नाहीत. झाले ९००. मग फोन चार्ज कशावर होणार, यूएसबी, १,२००. दिवे ७,५००, दिव्यांची वायरिंग वेगळी १,८००. त्या वायरिंगमध्ये एक रिले, म्हणजे दिवे चालू-बंद करणारा विजेचा स्विच असतो, तसाच बारा व्होल्टचा रिले साध्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दीडेकशे रुपयाला मिळतो, पण त्याच्या डबीवर डोंगराचं चित्र नसतं. डोंगराचं चित्र आलं की किंमत तिप्पट, हे मला पैसे दिल्यावर कळलं. क्रॅश गार्ड, हँडगार्ड, रेडिएटरची जाळी, उंच काच, सीटवरची गादी. आणि शेवटी पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लावायच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या, २४,०००. त्या पेट्या ज्यावर अडकवायच्या तो सांगाडा पेट्यांबरोबर येत नाही ओ. तो ६,५०० ला वेगळा. म्हणजे शर्ट घ्यायचा आणि बटणं वेगळी घ्यायची. वर फिटिंगचे १,५००.

त्या सांगाड्याला जागा करायला साडी गार्ड काढावा लागला. आता साडी गार्ड ही गाडीबरोबर फुकट आलेली एकमेव गोष्ट होती, कायद्यानं द्यावाच लागतो कंपनीला, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. तो काढायची मजुरी त्याच १,५०० मध्ये धरलेली होती. बायको म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी जे फुकट आलं होतं, तेवढंच पैसे देऊन काढलंत." मी गप्प बसलो.

आणि घरी मी सगळं मिळून १२,००० झाले असं सांगितलं होतं. पुढचं रामायण यामुळं झालं.

तर रविवारी सकाळी सहा वाजता निघालो. लडाखला नाही, बामणोलीला. म्हणलं यवतेश्वरचा घाट चढून, कासवरनं खाली बामणोलीला, चहा प्यायचा आणि नऊच्या आत परत. एप्रिलमध्ये कासला फुलं नसतात, त्यामुळं गर्दी पण नसते. पेट्यांमध्ये लगेज असावं म्हणून एकीत रेनकोट टाकला, एकीत पाण्याची बाटली.

आमचा बोळ पेठेतला, जुना. शेवटाला बंद. मध्ये एक वळण आहे, तिथं एका बाजूला वाड्याची दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला काकूंचा ओटा पुढं आलेला. हँडल गेलं म्हणजे गाडी गेली हा आपला जन्माचा अनुभव. हँडल गेलं. आरसे गेले. आणि मग मागून दगडावर पत्रा घासल्याचा तो आवाज आला ना, तो मला अजून रात्री येतो. सायलेन्सरच्या बाजूची पेटी भिंतीला, दुसरी ओट्याला. सायलेन्सर असतो म्हणून त्या बाजूची पेटी चार बोटं जास्त बाहेर येते हे दुकानात कुणी बोललं नव्हतं. पुढं जाईना, मागं येईना. पेटी काढायला किल्ली लागते, किल्ली माझ्याकडं होती, पण कुलूप भिंतीकडच्या अंगाला. आणि उतरायचं म्हणजे पाय मागून पेटीवरून फिरवायचा, तिथं भिंत. म्हणजे मी गाडीवर हेल्मेट घालून, जॅकेट घालून, गुडघ्यांना पॅड लावून नुसता बसून.

आणि आतल्या घरांना दूध घालून तात्या मागून आले.

एकदा हॉर्न मारला. मग बंद केली गाडी. मग शांतपणे स्टँडला लावली आणि चंची काढली. तंबाखू मळायला घेतली म्हणजे माणूस आता घाईत नाही.

"काय झालं वो सायेब?"

"अडकली."

"हँडल?"

"नाही ओ, पॅनिअर."

"क्वान?"

"पॅनिअर, तात्या. ह्या पेट्या."

तात्या जवळ आले, बोटाच्या पेरानं पेटी वाजवली, जसं कलिंगड वाजवतात. "ॲल्युमिन. आमची किटली बी ह्याचीच. किती लिटरची?"

आता ह्या पेट्या खरंच लिटरवर विकतात, काय करणार. मी म्हणलं, "सदतीस. एका बाजूला."

"मंजी चौऱ्याहत्तर." तात्यांचा हिशेब तोंडावर. "माझं वीस आन् वीस, चाळीस. धंदा काढताय का काय?"

"छे ओ. कपडे ठेवायला. प्रवासात."

"कापडं लिटरवर?" तात्या थांबले. त्यांनी हे खरंच मनावर घेतलं होतं. "मंग एक शर्ट किती मिली धरायचा?"

वरच्या खिडकीत बायको येऊन उभी राहिली होती. काकू ओट्यावर आल्या होत्या, त्यांना फक्त रांगोळी पुसली जाणार का एवढीच काळजी. बोळाच्या तोंडाशी घंटागाडी येऊन थांबली आणि तिचं ते गाणं सुरू झालं.

"कितीला पडल्या?" तात्यांनी विचारलं.

आपल्याकडं हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतं, त्यात काही वाईट नाही. पण मी वर बघितलं. बारा हजारात सगळं बसवायचं होतं. म्हणलं, "चार हजार. दोन्ही मिळून."

"आन् ह्यो सांगाडा?"

"हजार."

"ह्ये पुढचं लोखंड कशाला?"

"क्रॅश गार्ड. गाडी पडली तर इंजिनाला लागू नये म्हणून."

"मंजी पडायचं ठरवूनच घेतलीय. कितीला?"

"बाराशे."

"दिवं?"

"पंधराशे. तात्या, आधी जरा मागून हात लावता का?"

"लावू की. उजाडलंय तरी दिवं चालू हायेत तुमचं, बॅटरी उतरंल. ह्यी काच?"

"पाचशे."

"हाताम्होरची ढाल?"

"पाचशे."

"आन् फोनला ह्यो पाळना?"

"तीनशे!" मी ओरडलो.

तात्यांनी तंबाखू ओठात सोडली, डोळे मिटले, बोटांवर मोजलं. मग डोळे उघडून वर खिडकीकडं बघत म्हणाले, "वयनी, ह्ये नऊ हजार झालं. तुमी तर परवा बारा म्हनत हुता. तीन हजार कुठं गेलं?"

बघा म्हणजे. साठ हजार खर्च केलेला माणूस मी, आणि भर बोळात माझ्यावर तीन हजाराच्या अफरातफरीचा आळ. मला रेडिएटरची जाळी आणि गादी आठवलीच नाही त्या क्षणाला. सगळे माझ्याकडं बघतायत. काकूसुद्धा रांगोळी सोडून.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण तात्यांनी पैरणीच्या आतल्या खिशात हात घातला. दुधाच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेल्या नोटा निघाल्या. "ह्ये चार हजार धरा. आमच्या जावयाला गाडी घेतलीय नवी, तेला ह्या पेट्या आनून द्या. कंदी पेढं पोच करतो मेढ्याला, तेला बऱ्या पडत्याल. आन् ह्ये हजार सांगाड्याचं."

"अहो तात्या, नंतर बघू."

"नंतर कशाला? चार हजारात ॲल्युमिन! आमची किटली ह्याच्या वर जाती. आसल्या दोन जोड आना, एक मी बी घेतो."

हेल्मेटच्या आत घाम असा गळत होता. मनात हिशेब चालू, चोवीस आणि साडेसहा, साडेतीस हजार, त्यातले पाच तात्या देतायत, म्हणजे एका जोडामागं साडेपंचवीस हजार मला घालून तात्यांच्या जावयाला पेट्या घेऊन द्यायच्या, का तर बायकोला खरं कळू नये. आणि खरं सांगतो, पाच सेकंद मी तोही विचार केला.

मग काच वर करून म्हणलं, "चोवीस हजारच्या आहेत."

"काय चोवीस?"

"पेट्या. चोवीस हजार. सांगाडा साडेसहा."

घंटागाडीचं गाणं नेमकं त्याच वेळी संपलं. वरची खिडकी लागली. आपटली नाही, आपटली असती तर बरं झालं असतं, हळू लावून आतून कडी घातली. तात्यांनी नोटा परत पिशवीत गुंडाळल्या, खिशात ठेवल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, जसा मयतीच्या घरी ठेवतात. "आसूं द्या. हुतं माणसाकडनं."

पुढचं काय, घंटागाडीवरची दोन पोरं, तात्या आणि शेजारचा एक कॉलेजचा मुलगा यांनी मागून धरली, मी वर बसलेलाच, दोनशे किलोची गाडी आणि वर माझे ब्याऐंशी, एक दोन तीन करून चार बोटं उचलून सरकवली. दोन्ही पेट्यांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओरखडे. कॉलेजचा मुलगा म्हणाला, काका आता गाडी खरी लडाखला जाऊन आल्यासारखी दिसतीय. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

बामणोलीला गेलो नाही. रात्री विम्याचे कागद काढून बसलो, म्हणलं ओरखड्याचं काही मिळतंय का, तर नंतर लावलेलं सामान वेगळं जाहीर करून त्याचा जादा हप्ता भरला असेल तरच धरतात, मी ते केलेलं नव्हतं. तेच वाचता वाचता दुसरंच सापडलं, २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला त्यात परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला तर मालकाला एकेका फेरफाराला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आता कुठला फेरफार आणि कुठली नुसती ॲक्सेसरी हे रस्त्यात शिट्टी वाजल्यावरच ठरणार असेल तर आधी विकतच कशाला देता ओ? दुकानात कुणी एका शब्दानं बोलत नाही, जीएसटी मात्र पावतीवर पैशापर्यंत बरोबर. आणि गाडी विकायला काढली तर ह्या साठ हजारांचं शून्य धरतात, उलट वायर कापलीय म्हणून दोन हजार कमी करतात. हे हसण्यावारी नेतोय मी, पण मला खरंच राग आलाय.

बायको त्या दिवसापासून चांगलं बोलतीय. नुसतं भाजी आणायला गेलं की विचारते, "किती लिटर आणू?"

तर ते १४० रुपये. मी तात्यांना गाठलंच. म्हणलं तात्या, हे दोन लिटर कसले? तर म्हणे त्या दिवशी पाऊण तास बोळात गेला, सदर बझारातल्या हॉटेलवाल्यानं तोवर दुसऱ्याकडनं दोन लिटर घेतलं, आमचं राहिलं. मी म्हणलं मग त्या दुधाचं काय केलं? म्हणे घरी खरवस तर हुत न्हाई त्याचा, प्यालो. म्हणलं प्यालात तर पैसे कसले? त्यावर तात्या म्हणाले, "सायेब, साठ हजार देताना भांडला हुता का?"

नव्हतो भांडलो. वरचे तीनशे तरी सोडा म्हणायचं पण सुचलं नव्हतं, पोरगं सर सर म्हणत होतं ना.

आता मी असं करतो, रविवारी पहाटे आधी दोन्ही पेट्या दोन हातात धरून बोळातनं चालत बाहेर जायचं, तिथं काकूंच्या पाहुण्यांच्या स्कूटरवर ठेवायच्या, परत आत येऊन गाडी काढायची, आणि बोळाच्या तोंडाशी पेट्या लावायच्या. वीस मिनिटं जातात. काल तसाच दोन हातात दोन पेट्या घेऊन अंधारात निघालो होतो, तेवढ्यात समोरून एम-८० आली. तात्यांनी ब्रेक मारला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि एकदम धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

"काय, आज किती घरं झाली?"