“जीपचं कुठलंही हेड कुठल्याही ब्लॉकवर बसतं” म्हणे

हा मेसेज मला गेल्या दोन महिन्यांत निदान सहा जणांनी पाठवलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवाला खालचा भाग, हेड म्हणजे त्याच्यावरचं झाकण, गॅस्केट म्हणजे दोघांमधला गळती रोखणारा थर, हरिकेन म्हणजे नंतरच्या जीपचं इंजिन, आणि सीजे-२ए, ३ए, ३बी ही नागरी जीपची मॉडेलं): “जीपचं पेट्रोल इंजिन १९४१ पासून महिंद्राच्या सीजे-३बी पर्यंत एकच, १३४ क्युबिक इंच. बोअर तोच, स्ट्रोक तोच. म्हणून कुठल्याही सालाचं हेड कुठल्याही ब्लॉकवर बसतं, गॅस्केट नवीन टाका की झालं. हरिकेनचं हेड युद्धातल्या जीपवर टाकलं तर १५ हॉर्सपॉवर फुकटात वाढते. ब्लॉक बदलायचा तर साल बघून घ्या. मेकॅनिक उगाच घाबरवतात.”

आता बोअर-स्ट्रोकचं (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची खाली-वर चाल) म्हणाल तर ते खरंच आहे. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपचं गो-डेव्हिल इंजिन घ्या नाहीतर नंतरचं हरिकेन घ्या, बोअर सव्वातीन नाही, तीन आणि एक अष्टमांश इंच, स्ट्रोक चार आणि तीन अष्टमांश, म्हणजे २१९९ सीसी. पण दोन तपेल्यांचं तोंड सारखं म्हणून झाकणंही अदलाबदली करता येतील हे तपेल्याला चालतं, इंजिनाला नाही चालत.

कारण गो-डेव्हिल साइड व्हॉल्व्ह आहे. आठच्या आठ व्हॉल्व्ह (आमच्या गॅरेजच्या भाषेत वाल) ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी एका रांगेत तोंड वर करून बसलेले. हेड म्हणजे पाणी खेळायला जागा असलेलं जाड झाकण आणि त्यात उभे चार प्लग, बस. पेट्रोल-हवा ब्लॉकच्या कुशीतून आत येते, धूरही तिथूनच बाहेर जातो, हेडमधून काही येत नाही की जात नाही. हरिकेनमध्ये काय केलं, एक्झॉस्टचे चार वाल ब्लॉकमध्येच ठेवले आणि इनलेटचे चार वर हेडमध्ये नेले, उलटे लटकवले, त्यांना उघडायला कॅमवरून (वाल उघडणारा फिरता दांडा) पुशरॉड म्हणजे वर ढकलणाऱ्या काड्या आणि वर रॉकर म्हणजे वाल खाली दाबणाऱ्या दांड्या. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाहीच, तो हेडमध्येच ओतलेला, कार्बोरेटर थेट हेडवर बसतो.

आता हे हेड गो-डेव्हिलच्या ब्लॉकवर ठेवून बघा. पुशरॉड वर यायला ब्लॉकला भोकं कुठायत? ब्लॉकमधले जुने इनलेट वाल आणि त्यांचे पोर्ट यांचं काय करणार, लोणचं घालणार? उलटं केलं, म्हणजे हरिकेनच्या ब्लॉकवर गो-डेव्हिलचं हेड ठेवलं, तर सिलिंडरमध्ये हवा जायला रस्ताच नाही. इथे गॅस्केट नवीन टाकून काय होणारे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. साताऱ्याकडच्या माझ्या एका मित्राकडे लष्कराच्या लिलावातली युद्धकाळातली जीप आहे, तिच्या हेडला क्रॅक गेला आणि नेमका तेव्हाच हा मेसेज त्याला आला. पठ्ठ्यानं भंगारातून हरिकेनचं हेड आणायचं ठरवलं, मीही गेलो सोबत. तिथल्या पोरानं दिसतील तेवढे सगळे बोल्ट खोलले, हेड काही हलेना, मग पहार घातली, तरी हलेना, शेवटी एक म्हातारे मिस्त्री उठले, म्हणाले थांब बाबा फोडशील, कार्बोरेटर काढला आणि त्याच्या खालच्या भोकात बोट घालून दाखवलं. आत, इनटेकच्या वाटेतच, हेडचा एक बोल्ट लपलेला असतो. तो काढला आणि हेड सुटलं. तोवर पहारीनं एका कोपऱ्याचा टवका गेला होता तो गेलाच. घरी आणून ब्लॉकशेजारी ठेवलं तर एकीकडे आठ वाल रांगेत वर बघतायत आणि दुसरीकडे चार खाली लटकतायत. मित्र पाच मिनिटं काही बोलला नाही.

पंधरा हॉर्सपॉवरचं घ्या. गो-डेव्हिल ६० चं, हरिकेन ७२ चं, आणि ७.४ कॉम्प्रेशनचं (पेट्रोल-हवा किती पट दाबली जाते तो आकडा) हेड असेल तर ७५. म्हणजे आकडा हवेतून काढलेला नाही, पण तो पूर्ण इंजिनाचा आहे, हेडचा नाही. इनलेट वाल वर गेल्यामुळे तो मोठा करता आला आणि इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, शिवाय कॉम्प्रेशन ६.४८ वरून ६.९ झालं. ती वाढ घ्यायची तर अख्खं हरिकेन टाका, टाकतात लोक, पण मग ते उंच असल्यामुळे बसक्या बॉनेटखाली मावत नाही. सीजे-३बी चं बॉनेट असं कपाळ वर आल्यासारखं का दिसतं असं वाटलं असेल ना कधी, ते ह्याच इंजिनामुळे.

“साल बघून घ्या” हा तर सगळ्यात घातक सल्ला. १९५३ साली सीजे-३ए पण निघत होती, गो-डेव्हिलवाली, आणि सीजे-३बी पण, हरिकेनवाली. सांगा आता सालावरून काय ओळखणार? वर टॅपेट कव्हर दिसलं तर हरिकेन, सपाट हेडवर उभे प्लग दिसले तर गो-डेव्हिल, हे लहान पोरही सांगेल.

बरं, गो-डेव्हिलला गो-डेव्हिलचं हेड बसतं का? बसतं. एमबीचं सीजे-२ए ला, सीजे-३ए चं एमबीला, तिथे मेसेजवाला बरोबर आहे, फेस (ब्लॉकवर टेकणारी सपाट बाजू) तपासून घ्या आणि बसवा. पण ब्लॉक बदलताना तेवढ्यानं भागत नाही. युद्धातल्या इंजिनाला क्रँकवरून (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) कॅम फिरवणारी टायमिंगची साखळी होती, पुढे सीजे-२ए च्या काळात कंपनीनं ती काढून गिअर दिले. साखळीवर कॅम क्रँकच्याच दिशेनं फिरतो, गिअरवर उलटा फिरतो. म्हणून कॅम वेगळा, ऑइल पंपसुद्धा वेगळा. जुन्या इंजिनातला पंप चांगला आहे म्हणून उचलून दुसऱ्यात घातला तर ऑइल प्रेशरचा काटा बघत बसाल. फ्लायव्हीलचंही (क्रँकच्या टोकाचं जड चाक) तेच, एमबीच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी रिंगला ९७ दात, नंतरच्या १२ व्होल्टवाल्या जीपला १२९, स्टार्टर त्याच जोडीचा लागतो.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर जुळत नाही, मग आरटीओत रीतसर नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी ब्लॉक कुठून घेतला त्याचा कागद लागतो. भंगारवाल्याकडून बिल मागा, तो हसतो आधी, पण मागा.

मित्राला शेवटी एका सीजे-३ए चं हेड मिळालं, फेस मारून (घासून सपाट करून) घेतला, बसलं, गाडी चालू आहे. हरिकेनचं ते टवका गेलेलं हेड त्याच्या जिन्याखाली पडून आहे. कुणाकडे हरिकेनचा ब्लॉक असेल तर सांगा, फुकट देतोय, फक्त उचलायला दोघं जण या.