थेंब गेला का?

डोळ्यात औषधाचा थेंब घालणं अवघड आहे, हे डॉक्टरांना मान्य नाही, मेडिकलवाल्याला मान्य नाही आणि बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीला तर मुळीच मान्य नाही. 'एक थेंब, दिवसातून चार वेळा' एवढं लिहिलं की तिकडचं काम संपलं. बाटलीपासून डोळ्यापर्यंतचा दोन-तीन सेंटिमीटरचा प्रवास ज्याने-त्याने आपापल्या जबाबदारीवर करायचा. या भांडणात मी उघड उघड पापणीच्या बाजूने आहे. वरून टोकदार वस्तू येताना दिसली की मिटायचं, हीच तिची नोकरी. ती इमानदारीने केल्याबद्दल तिला भित्री ठरवायचं, हा कुठला न्याय?

पहिला अडथळा बाटलीच घालते. नवी बाटली कितीही दाबा, थेंब येत नाही, कारण बऱ्याच बाटल्यांच्या तोंडाला मुळात भोकच नसतं. ते पाडायची सोय टोपणात असते. आत एक बारीक खिळा असतो. टोपण शेवटपर्यंत घट्ट पिळलं की तो तोंडात घुसतो आणि भोक तयार होतं. ही सूचना छापलेलीही असते, फक्त ती ज्या अक्षरात असते ते अक्षर वाचता येणाऱ्याला डोळ्याचं औषध लागत नसावं. मग घरातून सेफ्टी पिन निघते. पिनेने भोक मोठं आणि वाकडं पडतं, थेंबाच्या जागी धार लागते, आणि निर्जंतुक म्हणून विकत घेतलेल्या बाटलीत पहिला प्रवेश पिनेवरच्या जंतूंना मिळतो. टोपणाखाली उरलेली प्लॅस्टिकची सैल कडी आधीच काढून टाकलेली बरी. नाहीतर बाटली उलटी केल्यावर औषधाच्या अगोदर तीच डोळ्यात उतरते. औषध गढूळ, दुधासारखं दिसणारं असेल तर घालण्यापूर्वी हलवायचं. न हलवता घातलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि औषध बाटलीच्या तळाशी राहतं.

आता प्रत्यक्ष कामगिरी. हात साबणाने धुवायचे, मान मागे टाकायची, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढायची. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये जी गुलाबी खोबण दिसते, थेंब तिथे पडायला हवा. लोक नेम धरतात बुबुळावर, आणि तिथेच सगळं बिनसतं. बुबुळावरचं पारदर्शक पटल इतकं हळवं असतं की थेंब वर आपटताच डोळा गच्च मिटतो आणि औषध गालावरून कानाकडे रवाना होतं. हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवावा. बाटलीचं तोंड पापणीच्या केसांना लागू देऊ नये, कारण दाब सुटल्यावर बाटली थोडं आत ओढून घेते, आणि केसांवरचं जे काही असेल तेही त्याबरोबर आत जातं.

एवढं करूनही ज्यांची पापणी ऐकत नाही त्यांच्यासाठी एक राजीनाम्याचा मार्ग आहे. सरळ आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा. औषध आपसूक आत घरंगळतं. लहान मुलांना तर हाच मार्ग. पापण्या आधी ओल्या स्वच्छ कापसाने पुसून घ्याव्यात, म्हणजे थेंबाबरोबर चिपडं आत जात नाहीत.

थेंब घालायला दुसरं माणूस मिळणं ही सोय, असा एक गोड समज आहे. "वर बघ. वर म्हणजे पंख्याकडे. माझ्याकडे नाही! मिटू नकोस हं. मिटलास ना! गेला का?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणापाशीच नसतं. डोळा ओला, गाल ओला, उशीही ओली. मग "राहू दे, अजून एक टाकते" असं म्हणून घरात उदारपणाची लाट येते. हिशेब मात्र असा आहे: बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो, आणि डोळ्यात मावतं फार तर 30. म्हणजे पहिलाच थेंब सांडणार, दुसरा निव्वळ गालासाठी. थेंब गेला की नाही हे कळायला हवं असेल, तर बाटलीवर मनाई नसल्यास ती फ्रिजमध्ये ठेवावी. गार थेंब आपण आल्याची वर्दी स्वतः देतो.

थेंब आत गेल्यावर लोक आनंदाने डोळे मिचकावतात. ते नको. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक मोरी असते. दर मिचकावणीला औषध तिथून नाकात आणि नाकातून घशात उतरतं. पाच मिनिटांनी तोंड कडू का झालं, याचं हे उत्तर. म्हणून डोळा शांतपणे मिटायचा आणि तो कोपरा बोटाने दोनेक मिनिटं हलका दाबून धरायचा. काचबिंदूच्या औषधांत तर ही ऐट नाही, गरज आहे. टिमोलोल नावाचा थेंब असा रक्तात उतरला तर दम्याच्या माणसाला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलम सगळ्यात शेवटी. आणि उघडलेली बाटली साधारणपणे महिन्याभरात टाकून द्यायची. आपल्याकडे ती टाकली जात नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या दुखणाइताची वाट बघते.

तो दुखणाईत डोळ्यांच्या साथीत सापडतोच. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत हजारोंचे डोळे आले आणि पाठोपाठ राज्यभर काळ्या चष्म्यांची चलती झाली. वास्तविक डोळे नुसते बघून येत नाहीत. ते हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यावरून येतात. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो आणि फार तर डोळ्याकडे जाणारा हात अडवतो. अशा साथीत बहुतेक वेळा विषाणू असतो आणि त्यावर प्रतिजैविकाचा थेंब चालत नाही. एक-दोन आठवड्यांत डोळे आपले आपण निवळतात, पण श्रेय कपाटातल्या बाटलीला मिळतं. त्या बाटलीत स्टेरॉइड असेल तर प्रकरण हसण्यासारखं राहत नाही. लाली झटकन उतरते, म्हणून माणूस महिनोन्‌महिने घालत राहतो, आणि डोळ्यातला दाब किंवा मोतीबिंदू गुपचूप वाढतो. नागिणीच्या कुळातला विषाणू बुबुळावर बसला असेल तर स्टेरॉइड त्याला मोकळं रानच देतं. तेव्हा शेजारच्या काकूंना गुण आलेली बाटली काकूंकडेच राहू द्यावी.

रांजणवाडीच्या बाबतीत मात्र आजीबाईंशी माझं भांडण नाही. तळहातावर बोट घासून ते गरम बोट पापणीवर टेकवायचं, यात शेक देण्याची कल्पना बरोबर आहे, मात्रा तेवढी अपुरी. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, 5 ते 10 मिनिटं शेकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. रांजणवाडी मात्र पिळायची अजिबात नाही, आतला पू पापणीत पसरतो. बोट घासण्याला माझी हरकत नाही, लवंग उगाळण्याला आहे. लवंगेचं तेल डोळ्यात गेलं तर रांजणवाडीची आठवणही राहत नाही. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस यांचीही रवानगी स्वयंपाकघरात.

स्क्रीनकडे टक लावून बसणाऱ्यांची गंमत वेगळी. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी तिथे पाच-सात वेळांवर येते, डोळा सुकतो, चुरचुरतो आणि चिडून पाणी गाळतो. डोळा पाण्याने भरलाय आणि निदान 'कोरडेपणा', यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा असा सल्ला मिळतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वीस फूट मोकळे कुठून आणायचे, ते सांगत नाहीत. खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघावं, पण समोरच्यांना आधी कल्पना द्यावी.

एका बाबतीत विनोद नाही. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब मुलं दाबतात, ती फुटते, चुना डोळ्यात उडतो. चुना आम्लापेक्षा खोल जाळत जातो. थेंब शोधत बसू नये. नळाखाली पापणी उघडी धरून कमीत कमी पंधरा मिनिटं धुवावं, पापणीत अडकलेले कण काढावेत आणि तसंच दवाखाना गाठावा. सणकून दुखणं, अंधूक दिसणं, उजेड अजिबात न सोसणं, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणं, यांतही घरचे उपाय नकोत.

दवाखान्यात बाहुली मोठी करायचा थेंब घालतात. तो घालणारी सिस्टर एका झटक्यात काम फत्ते करते, 'गेला का' वगैरे काही विचारत नाही. वीस-तीस मिनिटांत जवळचं दिसेनासं होतं आणि पुढचे चार-सहा तास तसंच राहतं, म्हणून गाडी चालवायला दुसरं कुणी बरोबर न्यावं. नेमकं याच वेळी काउंटरवरून बारीक अक्षरातला एक फॉर्म पुढे सरकतो आणि "वाचून सही करा" असं सांगण्यात येतं.