स्विच सुरू होत नाही? मग ‘पाच उपायां’चा तो संदेश बाजूला ठेवा

पालकांच्या आणि गेमिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. निन्टेन्डो स्विच हा गेम खेळायचा कन्सोल सुरू होत नसेल तर बॅटरी मेली समजा, असं त्यात ठामपणे लिहिलंय. पुढे पाच उपाय दिलेत. एक, घरातला सगळ्यात जास्त वॉटचा मोबाइल चार्जर दहा मिनिटं लावा. दोन, काहीच दिसलं नाही तर बॅटरी काढून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. तीन, तरी नाहीच तर ९ व्होल्टच्या बॅटरीने तिला ‘झटका’ द्या. चार, पॉवर आणि आवाजाची दोन्ही बटणं दाबून कन्सोल इनिशियलाइज करा, म्हणजे मूळ स्थितीत आणा. पाच, एवढं करूनही स्क्रीन काळाच राहिला तर मदरबोर्ड गेला, भंगारात काढा.

लोक हे का करून बघतात ते समजण्यासारखं आहे. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. आपल्याकडचे कन्सोल दुबई-अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेले असतात, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून घेतलेले. हक्काचं सर्व्हिस सेंटर नाही, त्यामुळे असा संदेशच सर्व्हिस सेंटर होऊन बसतो. म्हणूनच तो मुद्देसूद खोडायला हवा. यातला एकही उपाय जसा लिहिलाय तसा बरोबर नाही, आणि दोन तर घरात आग लावू शकतात.

आधी मूळ गृहीतक. काळा स्क्रीन म्हणजे मेलेली बॅटरी, हे समीकरणच चूक आहे. स्विच स्लीपमध्ये असताना अडकला, म्हणजे हँग झाला, तरी स्क्रीन असाच काळा राहतो आणि बटणाला काही प्रतिसाद मिळत नाही. त्यासाठी पॉवरचं बटण किमान १२ सेकंद दाबून धरायचं, सोडायचं आणि मग एकदाच दाबायचं. बरेच ‘मेलेले’ स्विच एवढ्यावर उठतात. संदेशात हा उपाय औषधालाही नाही.

दुसरी शक्यता, बॅटरी मेलेली नाही, पार उतरलेली आहे. परीक्षेच्या दिवसांत कन्सोल कपाटात जातो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो. २०१७ च्या मूळ स्विचमध्ये ४३१० एमएएचची लिथियम-आयन बॅटरी असते, ‘स्विच लाइट’ या छोट्या मॉडेलमध्ये ३५७० ची. वापर नसला तरी दर सहा महिन्यांनी एकदा तरी चार्ज करा, असं निन्टेन्डो स्वतःच सांगते. बॅटरीचा दाब ३ व्होल्टच्या खाली गेला की आतली चार्जिंगची चिप मुद्दामच अगदी थोडा प्रवाह सोडते, कारण पार रिकाम्या सेलमध्ये एकदम जोरात प्रवाह सोडणं धोक्याचं असतं. तेवढ्या वेळात स्क्रीनवर बॅटरीचं चिन्हसुद्धा उमटत नाही. तेव्हा दहा मिनिटांत निकाल लावणं हा शुद्ध उतावीळपणा झाला. अ‍ॅडॅप्टर भिंतीतून आणि कन्सोलमधून दोन्हीकडून काढा, अर्धा मिनिट थांबा, मग डॉक (कन्सोल टीव्हीला जोडायचा स्टँड) आणि एक्स्टेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. तासभर हात लावू नका. त्यानंतर वर सांगितलेलं १२ सेकंदांचं बटण.

चार्जरचं काय? वॉट जास्त म्हणून स्विचमध्ये वीज जास्त ढकलली जाते, असं होत नाही. यूएसबी-सीमध्ये उपकरण आणि चार्जर आधी आपसात ठरवतात की किती व्होल्ट घ्यायचे. स्विचचा मूळ अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्ट १.५ अँपिअर किंवा १५ व्होल्ट २.६ अँपिअर देतो. आपल्याकडच्या अनेक फोनचे ६५ किंवा ८० वॉटचे चार्जर तो आकडा फक्त स्वतःच्या फोनसाठी आणि स्वतःच्या केबलवर गाठतात; दुसरं उपकरण लावलं की साध्या ५ व्होल्टवर येतात. त्याने नुकसान होत नाही, पण फायदाही होत नाही. मूळ अ‍ॅडॅप्टर परदेशातून आलाय म्हणून आपल्या २३० व्होल्टवर जळेल, ही भीतीही नको. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. हो, घरात अमेरिकेहून आलेला ३डीएस हा निन्टेन्डोचा जुना कन्सोल असेल तर मात्र त्याच्या अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. तो फक्त १२० व्होल्टचा असतो आणि इथे थेट लावायचा नाही.

आता फ्रीझर आणि ९ व्होल्टचा झटका. हे दोन उपाय वाचून मला खरोखर काळजी वाटते, कारण ते करून बघणारे बहुतेक शाळकरी पोरं असतात. स्विचची बॅटरी बाहेर काढण्यासाठी बनवलेलीच नाही. मागचं झाकण तीन पाकळ्यांच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि आत बॅटरी डिंकाने घट्ट चिकटवलेली असते. ती उचकटताना लोक स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी घालतात. सेलला भोक पडलं की धूर आणि ज्वाळा यायला वेळ लागत नाही. समजा सुखरूप निघाली. फ्रीझरमध्ये तिच्यात चार्ज तयार होत नाही. बाहेर काढल्यावर तिच्यावर आणि कनेक्टरवर पाणी धरतं, आणि गोठलेला सेल तसाच चार्ज केला तर आत धातुरूप लिथियमचा थर जमतो. तो थर पुढे आतल्या आत शॉर्ट करू शकतो.

झटक्याचं प्रकरण याहून गंभीर. या सेलची कमाल मर्यादा ४.२ व्होल्टच्या आसपास असते. तिला ९ व्होल्ट जोडायचे म्हणजे कन्सोलमधल्या चार्जिंगच्या चिपने घातलेले सगळे निर्बंध डावलायचे. शिवाय फार काळ पार उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी जमतं. असा सेल ‘जागा’ झाला तरी तो भरवशाचा नसतो. झटक्याने कन्सोल सुरू झाला असं सांगणारे खोटं बोलत असतील असं नाही. पण तोच कन्सोल रात्री उशाशी चार्जिंगला लावून मूल झोपतं, त्याचं काय? मागचं झाकण फुगलेलं किंवा स्क्रीन कडेने उचललेला दिसला तर चार्जर काढा, पुढचा एकही प्रयोग करू नका आणि कन्सोल थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

इनिशियलाइजचा सल्ला तर स्वतःलाच खोडतो. दोन्ही आवाजाची बटणं धरून पॉवर दाबलं की मेंटेनन्स मोडचा, म्हणजे दुरुस्तीसाठीचा मेन्यू येतो, हे खरं. पण मेन्यू दिसला याचा अर्थ स्क्रीन, बॅटरी आणि बोर्ड तिन्ही जागेवर आहेत. म्हणजे तुमची अडचण ‘सुरू होत नाही’ ही राहिलीच नाही. त्या मेन्यूत दोन वेगळे पर्याय असतात. एक सेव्ह डेटा (गेममध्ये जिथवर पोचलात त्याची नोंद) न पुसता इनिशियलाइज करण्याचा, दुसरा सगळं पुसण्याचा. संदेशात हा फरक सांगितलेलाच नाही. गेम कार्डावर असो वा मायक्रोएसडीवर, सेव्ह मात्र कन्सोलच्या अंतर्गत मेमरीत असतात. मुलाने दोन वर्षं जमवलेलं सगळं एका बटणाने जाऊ शकतं.

शेवटी ‘मदरबोर्ड गेला, भंगारात काढा’. तो निकाल देण्याआधी कन्सोल डॉकला आणि टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर फक्त स्क्रीन किंवा त्याची केबल बिघडलीय. लाइटला ही सोय नाही, तो टीव्हीला जोडता येत नाही. साध्या मॉडेलला जॉय-कॉन (बाजूला लावायचे कंट्रोलर) सरकवताना ‘टिक्’ असा आवाज स्पीकरमधून आला, तरी कन्सोल चालू आहे. सेकंडहँड घेतलेला, मॉड केलेला (म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अनधिकृत बदल केलेला) जुना स्विच असेल तर कॉम्प्युटरला जोडा. कॉम्प्युटरच्या उपकरणांच्या यादीत ‘एपीएक्स’ (APX) नावाचं उपकरण दिसलं तर तो रिकव्हरी मोडमध्ये अडकलाय, मेलेला नाही.

यातलं काहीच जमलं नाही, तरी बोर्डावरचा नेहमीचा संशयित एक छोटी चिप असते, यूएसबी-सीचं व्होल्टेज ठरवणारी एम९२टी३६ (M92T36). स्वस्त डॉक किंवा वाकडा घातलेला प्लग तिला मारतो. मार्च २०१८ मध्ये स्विचच्या सॉफ्टवेअरच्या ५.० अपडेटनंतर बाहेरच्या कंपनीचे डॉक वापरणाऱ्या अनेकांचे कन्सोल बंद पडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. चिप लेव्हलचं काम करणारा मोबाइलवाला मायक्रोस्कोप आणि ब्लोअरवर ती बदलू शकतो. त्याला आधी यूएसबी मीटर (चार्ज होताना किती प्रवाह जातो ते दाखवणारा) लावायला सांगा. शून्य अँपिअर दाखवलं तर संशय पोर्टवर आणि त्या चिपवर. ५ व्होल्टला थोडा का होईना प्रवाह जात असेल तर बोर्डात जीव आहे. आणि काम देण्याआधी स्पष्ट विचारा, बोर्ड दुरुस्त करणार की बदलणार? अंतर्गत मेमरीतला डेटा त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरच्या चावीने कुलूपबंद असतो. बोर्ड बदलला तर कन्सोल सुरू होईल, पण जुने सेव्ह त्यात उघडणार नाहीत.